वादळ ओसरल्यावर टोर्नेडो येतात कुठून?

आयडा चक्रीवादळ २९ ऑगस्ट २०२१ ला लुईझियानातल्या पोर्ट फोरशॉनजवळ किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा ते चौथ्या श्रेणीचं होतं आणि त्याचे वारे ताशी २४० किलोमीटरच्या वेगाने वाहत होते. १ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते न्यू जर्सीच्या परिसरात पोचलं, तोवर त्याची श्रेणी गेली होती आणि ते चक्रीवादळ म्हणूनही उरलं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी न्यू जर्सीतल्याच, फिलाडेल्फियाजवळच्या मलिका हिल या गावावरून टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा फिरता खांब, गेला. त्याचा दर्जा ईएफ३ होता (टोर्नेडोंची तीव्रता ईएफ० ते ईएफ५ अशी मोजतात). त्याच्या वाऱ्याचा अंदाजित वेगही ताशी २४० किलोमीटरच निघाला, फरक इतकाच की तो काहीशे मीटर रुंद आणि सुमारे २० किलोमीटर लांब पट्ट्यापुरता होता. दोनेक तासांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिलिमीटर पाऊस पडला.

श्रेणी उतरली की धोका उतरला, असं आपण धरून चालतो. ते चुकीचं आहे. सॅफिर-सिम्पसन श्रेणी फक्त एकच गोष्ट मोजते, ती म्हणजे वादळाच्या पोटातला सर्वांत जोराचा सलग वारा. पाऊस किती पडेल, वादळ रेंगाळेल की पळेल, टोर्नेडो होतील का, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. वादळ जमिनीवर आलं की समुद्राची ऊब तुटते आणि तो सर्वांत जोराचा वारा एक-दोन दिवसांत मोडतो. बाष्प मात्र तसंच राहतं, आणि वर हजार-दोन हजार मीटरवरचा वाराही बराचसा टिकून असतो. पुढची सगळी गुंतागुंत या दोन उरलेल्या गोष्टींमधून होते.

खालचा वारा अडतो, वरचा पळतो

समुद्राचा पृष्ठभाग वाऱ्याला फारसा अडवत नाही. जमिनीवर झाडं, घरं, टेकड्या असतात, त्यामुळे अगदी तळाचा वारा घर्षणाने झपाट्याने मंदावतो. दीड किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्याला या घर्षणाची झळ उशिरा लागते. त्यामुळे काही तास अशी स्थिती राहते की जमिनीलगत ताशी ३०-४० किलोमीटरचा आग्नेय वारा आहे, तर दीड किलोमीटरवर ताशी ९०-१०० किलोमीटरचा दक्षिण वारा. वेगही वेगळा आणि दिशाही. हवामानतज्ज्ञ याला विंड शिअर म्हणतात.

पोळपाट जागेवर असतो आणि वरून हात सरकतो, तेव्हा मधलं लाटणं फिरतं. हवेच्या त्या मधल्या थरातही तसाच आडवा पीळ तयार होतो. आडव्या पिळाने कुणाचं काही बिघडत नाही. त्यावर एखाद्या ढगाचा वर चढणारा जोरदार प्रवाह आला, की तो पीळ उभा होतो आणि ढगच स्वतःभोवती फिरू लागतो. अशा फिरत्या गडगडाटी ढगाला सुपरसेल म्हणतात.

ओक्लाहोमा-कॅन्ससच्या मैदानांत वसंतात दिसणारे सुपरसेल १५ किलोमीटर किंवा त्याहून उंच जातात, टेनिसच्या चेंडूएवढ्या गारा पाडतात, विजांनी आकाश फाडतात. चक्रीवादळाच्या पट्ट्यांतले सुपरसेल त्यामानाने बुटके असतात. त्यांचा माथा बऱ्याचदा ८ ते १० किलोमीटरवरच असतो. फिरणारा गाभा दोन-चार किलोमीटर रुंद असतो आणि त्याचा सर्वांत जोराचा भाग तळाच्या तीन-चार किलोमीटरांत असतो. कारण ही हवा वरपर्यंत दमट आणि उबदार असते. तळ आणि माथा यांच्या तापमानात मोठी तफावत नसल्याने ढगाला वर झेपावण्याची ऊर्जा बेताचीच मिळते. त्याची भरपाई तळाचा पीळ करतो. ढगाचा पायाही खूप खाली असतो, त्यामुळे पावसाने थंड झालेली जड हवा खाली पसरून फिरत्या गाभ्याची वाट फारशी अडवत नाही.

म्हणून या टोर्नेडोंना नेहमीचा डामडौल नसतो. गारा क्वचितच पडतात, विजा कमी, गडगडाट कधीकधी ऐकूच येत नाही. काळं नरसाळं दुरून दिसणंही कठीण, कारण ते पावसाच्या पडद्यात गुंडाळलेलं असतं. बहुतेक टोर्नेडो ईएफ० किंवा ईएफ१ दर्जाचे, काही मिनिटांचे. पण त्यांतला एखादा मलिका हिलसारखा निघतो, आणि तो कुठला हे आधी कळत नाही. ‘खिडकीतून बघू आणि दिसलं तर आत जाऊ’ हा बेत इथे साफ चालत नाही.

उजवी बाजू, दुपारची वेळ

उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेने चाललं आहे तिकडे तोंड करून उभं राहिलं, तर उजवी-पुढची बाजू टोर्नेडोंची. अमेरिकेत किनारा ओलांडलेली वादळं बहुधा उत्तरेला किंवा ईशान्येला वळतात, म्हणजे धोक्याची बाजू पूर्व आणि ईशान्य. तिथे समुद्रावरून गरम, दमट हवा सतत येत राहते, आणि वर सांगितलेला वाऱ्यातला फरकही तिथेच सर्वाधिक असतो. बहुतेक टोर्नेडो केंद्रापासून साधारण १०० ते ५०० किलोमीटरवर होतात.

त्यामुळे टीव्हीवरच्या वादळाच्या शंकूकडे बघून ‘आपण त्याच्या बाहेर आहोत’ म्हणणं फसवं आहे. तो शंकू फक्त वादळाचं केंद्र कुठून जाण्याची शक्यता आहे ते दाखवतो. परिणाम कुठवर पोचतील हे तो सांगतच नाही. नकाशावरच्या चिन्हांमध्ये सर्वांत जास्त गैरसमज याच शंकूने पसरवले असतील.

२००४ चं आयव्हन हे याचं ठसठशीत उदाहरण. ते १६ सप्टेंबरला अलाबामाच्या किनाऱ्यावर आलं. तीन दिवसांत त्याच्यामुळे सुमारे १२० टोर्नेडो झाले. किनाऱ्याजवळ झालेले होतेच, पण १७ तारखेला वादळाचं केंद्र टेनेसीच्या आसपास असताना कित्येक शे किलोमीटर लांबच्या व्हर्जिनियात एका दिवसात जवळजवळ चाळीस टोर्नेडो झाले. तो त्या राज्याचा विक्रम ठरला.

व्हर्जिनियात एवढं का झालं, याचं उत्तर उन्हात आहे. वादळ आत सरकतं तसं मधल्या उंचीवर कोरडी हवा त्याच्यात शिरते. ती ढगांची चादर फाडते आणि मधे ऊन पडतं. दोन तासांच्या उन्हाने जमीन तापते, दमट हवेला वर जायला हवा तो रेटा मिळतो, आणि वर वारा तर तयारच असतो. किनाऱ्यालगत असे टोर्नेडो दिवसा-रात्री कधीही होतात. आत खोलवर मात्र दुपार ते संध्याकाळ हा काळ सर्वांत वाईट. वादळाच्या दिवशी सकाळी रिमझिम आणि दुपारी छान उघडीप, ही खुशीची खूण मानू नये.

२०२४ चं बेरिल तर जमिनीवर आलं तेव्हा जेमतेम पहिल्या श्रेणीचं होतं. ८ जुलैला ते टेक्सासमध्ये मॅटागोर्डाजवळ आलं आणि त्याच दिवशी पूर्व टेक्सास आणि लुईझियानात टोर्नेडोंची माळ लागली. दुसऱ्या दिवशी अवशेष इंडियानापर्यंत गेले आणि पोझी काउंटीत ईएफ३ टोर्नेडो झाला. तिसऱ्या दिवशी पश्चिम न्यूयॉर्कमध्ये, बफेलोच्या परिसरात. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाच्या मनात त्या आठवड्यात चक्रीवादळाचा विचार असणं अवघडच.

रडारची अडचण

अमेरिकेतल्या हवामान रडारचा सर्वांत खालचा झोत जमिनीशी अर्धा अंशाचा कोन करून निघतो. पृथ्वी गोल असल्याने तो जसा दूर जातो तसा जमिनीपासून उंच होत जातो. १०० किलोमीटरवर तो सुमारे दीड किलोमीटर उंच असतो, १५० किलोमीटरवर अडीच किलोमीटरच्याही वर. मैदानी सुपरसेलचा फिरता गाभा इतका उंच असतो की झोत त्यातून जातोच. बुटक्या सुपरसेलच्या मात्र तो डोक्यावरून निघून जातो. शिवाय फिरणारा भाग अरुंद, आणि आयुष्य पाच-दहा मिनिटांचं. रडारच्या दोन फेऱ्यांमध्ये टोर्नेडो जन्मून संपलेलाही असतो. सर्वांत खालचा कोन दर दीड-दोन मिनिटांनी तपासण्याची सोय आता रडारमध्ये आहे, त्याने बरंच सुधारलं. तरीही इशारा आणि टोर्नेडो यांच्यामधला वेळ मैदानांतल्यापेक्षा कमीच मिळतो, आणि खोटे ठरणारे इशारेही जास्त असतात.

ढगांचे हे तुकडे वेगाने पळतात. ताशी ७० किलोमीटरचा वेग धरला तर १० किलोमीटर अंतर नऊ मिनिटांच्या आत संपतं. त्यात तळघराचा दरवाजा उघडायचा, मुलांना बोलवायचं, आजी-आजोबांना जिना उतरवायचा. म्हणून जागा आधी ठरवायची, इशारा आल्यावर नव्हे.

दोन शब्दांतला फरक पक्का हवा. टोर्नेडो वॉच म्हणजे पुढच्या काही तासांत अनेक काउंट्यांच्या मोठ्या भागात परिस्थिती अनुकूल आहे. फोन चार्ज करा, बूट जवळ ठेवा, कोण कुठे आहे ते बघा. टोर्नेडो वॉर्निंग म्हणजे रडारवर फिरणं दिसलं आहे किंवा कुणी प्रत्यक्ष टोर्नेडो पाहिला आहे. आत्ता जागेवर जा. वॉर्निंग नकाशावर आखलेल्या छोट्या तुकड्यापुरती असते आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासाची. ती फोनवर कर्कश आवाजात येते. तो आवाज नको म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आपत्कालीन सूचना बंद करणारे पुष्कळ असतात. सप्टेंबरात तरी त्या चालू ठेवाव्यात.

मारतो तो पाऊस

टोर्नेडो भीतिदायक असले तरी अमेरिकेतल्या चक्रीवादळांच्या थेट बळींमध्ये त्यांचा वाटा लहान आहे. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत तो सुमारे ३ टक्के होता. समुद्राच्या उधाणाने जवळजवळ निम्मे बळी घेतले, पावसाच्या पुराने सुमारे चतुर्थांश. २०१३ ते २०२२ या दहा वर्षांत हे चित्र पालटलं. किनाऱ्यावरून लोकांना हलवण्याची व्यवस्था सुधारली, आणि निम्म्याहून अधिक बळी पावसाच्या पुराचे, म्हणजे बऱ्याच अंशी आतल्या भागातले ठरले.

अवशेष आत सरकत असताना वाटेत थंड हवेची सीमा भेटली तर उबदार, दमट हवा त्या सीमेवर चढते आणि तिथेच पाऊस ओतत राहते. आयडाच्या वेळी अशीच सीमा न्यू जर्सीवर होती. तिच्या दक्षिणेला, उबदार बाजूला टोर्नेडो झाले. सीमेच्या आसपास आणि उत्तरेला मुसळधार पाऊस पडला. एकाच राज्यात, एकाच संध्याकाळी.

डोंगर असले तर आणखी वाईट. हेलीन चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडात उतरायच्या आधीच पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात पाऊस सुरू झाला होता. वादळाने पुढे ढकललेलं बाष्प शेकडो किलोमीटर आधी पोचलं आणि डोंगरावर चढून कोसळलं. माती भिजून चिंब, ओढे भरलेले, आणि मग त्यावर प्रत्यक्ष वादळ आलं. बझिक इथे तीन दिवसांत सुमारे ७८० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ॲशव्हिलच्या फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ चा विक्रम मोडला. हे शहर सर्वांत जवळच्या समुद्रापासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर लांब आणि सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे.

महाराष्ट्रालाही या प्रकाराची ओळख आहे, टोर्नेडोंची नव्हे, पावसाची. गुलाब चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. त्याचे अवशेष तेलंगणातून मराठवाड्यावर आले आणि २८ तारखेला मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले; लातूर, बीड, उस्मानाबादच्या नदीकाठच्या शेतांतलं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. तेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरले, पुन्हा बाळसं धरून शाहीन झाले आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळले.

तळघरात जावं की तळघरातून निघावं?

न्यू जर्सीत, एडिसनपासून जर्सी सिटीपर्यंत, बरीच मराठी कुटुंबं राहतात, आणि तिथल्या बऱ्याच घरांना तळघर असतं. टोर्नेडोचा इशारा म्हणतो खाली जा. पुराचा इशारा म्हणतो वर जा. आयडाच्या रात्री दोन्ही इशारे फोनवर पाठोपाठ आले. न्यूयॉर्क शहरात त्या रात्री १३ जण गेले, त्यांतले ११ जण तळमजल्याखालच्या घरांत होते.

कारण सरळ आहे. शहराची गटारं तासाला साधारण ४४ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, पडला ८०. जास्तीचं पाणी रस्त्यावरून पायऱ्या उतरून खाली येतं, आणि गटारातून उलटं वर येऊन संडास व शॉवरच्या जाळीतूनही. मग दरवाजा. ८० सेंटिमीटर रुंद दारावर बाहेरून ६० सेंटिमीटर पाणी चढलं, तर दारावरचा एकूण दाब सुमारे १४४ किलो वजनाइतका होतो. दार बाहेर उघडणारं असेल तर हँडलपाशी त्याच्या निम्मा, म्हणजे ७२ किलोंचा जोर लावावा लागतो. पाणी एक मीटरवर गेलं की दाब ४०० किलो, हँडलपाशी २००. पाण्याची उंची दुप्पट झाली तर दाब चौपट होतो. दार आत उघडणारं असेल तर कडी तुटते आणि पाणी एका लोटात आत येतं. पाणी घोट्यापर्यंत आलं की निघायचं. ‘अजून थोडं बघू’ इथे परवडत नाही.

मग टोर्नेडो वॉर्निंग आली तर? तळघर कोरडं असेल, त्याचा जिना घरातूनच वर येत असेल, आणि बाहेरचं पाणी दारापर्यंत पोचलेलं नसेल, तर खाली जावं, जिन्याजवळ थांबावं, आणि वॉर्निंग संपली की लगेच वर यावं. एका ठिकाणावरचा टोर्नेडोचा धोका काही मिनिटांचा असतो, पुराचा तासांचा. तळघरात पाणी शिरायला लागलं असेल, किंवा तिथून बाहेर पडायला एकच रस्त्यालगतचं दार असेल, तर खाली जाऊच नये. तळमजल्यावरची घराच्या मधोमध असलेली बिनखिडकीची छोटी खोली निवडावी. बाथरूम, कपाटाची खोली, जिन्याखालची जागा. चारही बाजूंनी जितक्या भिंती मधे येतील तितकं चांगलं. अंगावर गादी घ्यावी, डोक्यावर सायकलचं हेल्मेट, पायात बूट. बहुतेक जखमा उडणाऱ्या वस्तूंच्या आणि नंतर काचांवर पाय पडण्याच्या असतात. अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावर असाल तर जिन्याने खालच्या मजल्याच्या आतल्या बोळात यावं, लिफ्ट नको.

तळघरात सम्प पंप (खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) आहे म्हणून निर्धास्त होणारे एक विसरतात: तो विजेवर चालतो, आणि अशा रात्री पहिल्यांदा वीजच जाते. बॅटरीवरचा जोडपंप आणि गटाराच्या नळीवर पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, या दोन गोष्टींचा खर्च एकदाच येतो.

गाडीत असाल तर हिशेब आणखी कडक आहे. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडतं, ३० सेंटिमीटर छोट्या गाडीला सरकवतं, ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या घेऊन जातं, एसयूव्हीसुद्धा. गाडी जड आहे हे मनाचं समाधान. ती पोकळही आहे, म्हणून तरंगते. शिवाय पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही हे रात्री दिसत नाही. टोर्नेडोपासून वाचायला पुलाखाली आडोसा घेणं हीदेखील घातक समजूत आहे. त्या बोळकांडीत वारा वाढतो आणि कचरा नेमका तिथे शिरतो.

पाऊस थांबल्यानंतर

छोटे ओढे तासा-दोन तासांत चढतात आणि उतरतात. मोठ्या नद्यांना वेळ लागतो. आयडाचा पाऊस १ सप्टेंबरच्या रात्री थांबला, न्यू जर्सीतली रॅरिटन नदी मात्र बाउंड ब्रुक गावाजवळ दुसऱ्या दिवशी सर्वोच्च पातळीला पोचली, तेव्हा वर स्वच्छ ऊन होतं. नदीकाठी असाल तर पावसाकडे न बघता नदीच्या पातळीचा अंदाज बघावा.

पाणी उतरल्यावर तळघरात शिरण्याआधी वीज कंपनीकडून किंवा इलेक्ट्रिशियनकडून मुख्य वीज बंद करून घ्यावी. पाण्यात उभं राहून स्विचबोर्डला हात लावू नये. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर दूर, धूर खिडकीकडे येणार नाही अशा दिशेने. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवला तरी कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो आणि त्याला वास नसतो. गॅसचा मीटर, वॉटर हीटर किंवा बॉयलर बुडाला असेल तर तो स्वतः पेटवू नये. न्यू जर्सीतल्या मॅनव्हिल गावात आयडाच्या पुरानंतर घरांचे स्फोट होऊन आगी लागल्या, आणि रस्त्यावरच्या पाण्यामुळे बंबांना तिथवर पोचणंही कठीण झालं. वास आला तर दिव्याचं बटणही न दाबता बाहेर पडावं, आणि गॅस कंपनीला फोन लांब जाऊन करावा.